घाबरट सेल

जेवणं उरकली, तशी सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि जावईबापूंकडे पापणी न लववता बघत म्हणाल्या, "तळघरात एक बाई उभी आहे. तेवढी वर आणून द्या."

जावईबापूंना ठसका लागला. बायकोने त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. "अहो, पुतळा. बाबांनी केलेला पहिला पुतळा, आईचाच. आईला तो सोबत न्यायचाय."

सासरे पुतळे बनवायचे. दुकानांच्या काचेआड नवे कपडे घालून एक हात कमरेवर ठेवून उभे असतात ना, ते. वर संसार आणि खाली तळघरात कारखाना, असा त्यांचा सगळा जन्म गेला. ते गेल्यापासून तळघराकडे कोणी फिरकलं नव्हतं, निदान तसं सगळे समजत होते. ओल येऊन खालच्या तारा कुजल्या, म्हणून वीजही तोडलेली. आता घर विकलं होतं. संध्याकाळी नव्या मालकाची माणसं ट्रक घेऊन येणार आणि तळघरात जे असेल ते भंगारात जाणार होतं.

आणि सासूबाई एका मैत्रिणीच्या मागच्या खोलीत राहायला जाणार होत्या. खरं तर त्या लेकीकडेच यायच्या होत्या. बायकोने तसं विचारलं तेव्हा जावईबापू नाही म्हणाले नव्हते. ते "घरात जागा कुठे आहे, बघू" म्हणाले होते. ते सासूबाईंच्या कानावर गेलं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन केला. तेव्हापासून बायको नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि तिच्याकडे काम फार निघत नव्हतं.

"मीच येते खाली," सासूबाई म्हणाल्या. "कुठे आहे ती दाखवते. मला काही दिवा लागत नाही."

"छे छे, आई, तुम्ही आराम करा. माझ्याकडे हा आहे ना." जावईबापूंनी पिशवीतून नवा टॉर्च काढून ताटाशेजारी उभा केला.

सासूबाईंनी एकदा टॉर्चकडे, एकदा जावयाकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

टॉर्च हा जावईबापूंचा जीव की प्राण होता. कुणी तिकिटं जमवतो, कुणी आजार. हे टॉर्च जमवायचे. घरात त्यांचं खास कपाट होतं. त्यात खिशात मावणारे, डोक्याला बांधायचे, पाण्यात बुडवायचे असे सगळे दिवे ओळीने मांडलेले असत. माणूस मुळात भित्रा, पण हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. लोकांना वाटायचं, छंद आहे.

हा नवा टॉर्च त्या सगळ्यांचा बाप होता. समोरच्या टेकडीवरच्या झाडावर बसलेलं पाखरू यात दिसतं, असं त्यांनी ऑफिसात सांगून ठेवलं होतं. त्याच्यासाठी चार्जिंगचा सेल आणायला ते स्वतः गेले होते. दुकान बोळाच्या टोकाला, अरुंद आणि काळोखं. दिवे विकणाऱ्याच्या डोक्यावर एकच मिणमिणता बल्ब होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं जावईबापूंना वाटून गेलं.

सेलवाल्याने टॉर्च हातात घेतला, काच पाहिली, आणि एक साधा करडा सेल काढून ठेवला.

"तो सोनेरी दाखवा," जावईबापू म्हणाले. "त्याच्यावरचा साठ्याचा आकडा याच्या तिप्पट आहे."

"आकडा वेष्टनावर असतो, साहेब. आतल्या सेलला तो माहीत नसतो. हातात घेऊन बघा, किती हलका लागतो."

"हलका आहे ते बरंच की. मनगट दुखणार नाही."

सेलवाल्याने सुस्कारा सोडला. "समजा, साठा असला तरी हा देणाऱ्यातला नाही. तुमचा टॉर्च पूर्ण उजेडाला एकदम खूप मागतो. याच्या पोटात संरक्षणाची एक पट्टी आहे. थोडं थोडं मागा, देत राहील. एकदम मागितलंत की ती पट्टी दार लावून घेते. हा सेल घाबरट आहे."

"सावध म्हणा."

"आम्ही घाबरटच म्हणतो. एकदा बंद पडला की टॉर्चचं झाकण उघडून परत लावेपर्यंत हूं की चूं करत नाही."

हे शेवटचं वाक्य जावईबापूंच्या कानात शिरलंच नाही. ते सोनेरी वेष्टनावरचा आकडा वाचत होते. घरी येऊन त्यांनी सेल रात्रभर चार्ज केला आणि टॉर्च लावून पाहिला, पण सगळ्यात मंद पायरीवर. पूर्ण उजेडाला घरात बंदी होती. मागच्या टॉर्चच्या वेळी शेजारचे काका जिन्यात आंधळ्यासारखे चाचपडत बसले होते, तेव्हापासून बायकोने तो नियमच करून टाकला होता.

तर दुपारी त्यांनी बूट चढवले, हातमोजे घातले आणि बायकोला टॉर्चच्या पायऱ्या समजावून सांगितल्या. मग हातमोज्यांनी बटण दबत नाही असं लक्षात आलं म्हणून हातमोजे काढले. एकूण बराच वेळ गेला. बायको आईचं सामान न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याशी बोलत होती आणि तेही नवऱ्याच्या फोनवरून, कारण त्याने तोच नंबर लिहून घेतला होता.

"फोन नेताय का खाली?" तिने विचारलं.

"फोनचा उजेड काय उजेड असतो?" जावईबापू दुखावल्या सुरात म्हणाले.

"बरं. आई आत पडली असेल. आवाज करू नका."

तळघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्याला कुलूप कसं नाही, असा विचार त्यांच्या मनात आला आणि गेला. त्यांनी टॉर्च मंद पायरीवर लावला आणि जिना उतरायला सुरुवात केली.

खाली प्लास्टरचा आणि ओल्या कापडाचा वास कोंडला होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. उजेडाचं फिकट वर्तुळ भिंतीवरून सरकलं आणि एका फळीवर थांबलं. फळीवर डोकी होती. केस नसलेली, रंग न दिलेली, सगळ्यांची तोंडं जिन्याकडे वळलेली. खाली एका खोक्यात बोटं भरून ठेवली होती.

"नमस्कार," जावईबापू म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढे दोन्ही बाजूंना पुतळे उभे होते आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट होती. काहींवर पांढरी कापडं टाकलेली, त्यामुळे ते जास्तच माणसांसारखे दिसत होते. जावईबापू अंग चोरून निघाले. तेवढ्यात त्यांच्या टाळूला काहीतरी गार लागलं. त्यांनी टॉर्च वर केला. छताला तारांनी हात टांगलेले होते. नुसते हात, वाळायला घातलेले, पंजे खाली. त्यातला एक हळूहळू फिरत होता.

जावईबापूंनी घाईघाईने बटण दाबून टॉर्च पूर्ण उजेडावर नेला. डोळे दिपवणारा एक लखलखाट झाला, आणि टॉर्च विझला.

मग त्यांनी बटण दाबलं. परत दाबलं. काही नाही. काळोख असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट लावून बघावं लागावं. पाचावर धारण बसणे म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी नीट समजलं. ते वळले आणि वाटेत दोन-तीन पुतळ्यांची माफी मागत जिन्यापर्यंत पोचले. वरच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्यांनी टॉर्चचं मागचं झाकण उघडलं, सेल जागेवर असल्याची खात्री केली आणि झाकण परत बसवलं. टॉर्च पुन्हा मंद पायरीवर लागला.

हे काही बरं लक्षण नव्हतं. जिन्यापाशी लागतो आणि टांगलेल्या हातांखाली विझतो, याचा अर्थ काय घ्यायचा? वर जाऊन नाही जमत म्हणून सांगावं, असं त्यांना फार वाटलं. पण मग सासूबाई बघतील. काही बोलणार नाहीत, नुसत्या बघतील. त्यापेक्षा खालचे लोक परवडले, असा हिशेब करून जावईबापू पुन्हा आत शिरले.

या वेळी हातांखालून ते वाकून गेले आणि मान वर केली नाही. वाट कोपऱ्यात वळली. तिथे सासऱ्यांची कामाची खुर्ची होती, आणि खुर्चीच्या पलीकडे, भिंतीला टेकून, त्यांना सासूबाईंचा चेहरा दिसला.

सापडला एकदाचा पुतळा, म्हणून त्यांनी आधी सुटकेचा श्वास टाकला. सासऱ्यांच्या हातात जादू होती, यात शंका नाही. तेच नाक, तीच हनुवटी, तीच सरळ रोखलेली नजर. ते एक पाऊल पुढे झाले, आणि तिथेच थांबले. सासऱ्यांनी हा पुतळा लग्नाच्या वर्षी केला होता. बायको तसं कितीदा म्हणाली होती. तेव्हा सासूबाई विशी-बाविशीच्या असणार. या चेहऱ्यावर तर सुरकुत्या होत्या. केस पांढरे होते.

पुतळा म्हातारा झाला होता.

या खालच्या काळोखात, दार लावून, इतकी वर्षं तो एकटाच म्हातारा होत राहिला होता. आणि त्याच्या गालावरून काहीतरी ओलं चमकत खाली येत होतं.

जावईबापूंच्या अंगठ्याने आपण होऊन बटण दाबलं. लखलखाट झाला आणि टॉर्च विझला.

या वेळी जिन्यापर्यंत जाण्याइतका धीर नव्हता. त्यांनी घाईघाईने तिथेच झाकण उघडलं, आणि सेल निसटला. तो फरशीवर पडला आणि गडगडत निघाला. आवाज पुढे पुढे गेला आणि एकदम थांबला, कुणीतरी पाय मध्ये घालावा तसा.

मग नुसतं पाण्याचं ठिबकणं. जावईबापूंनी खाली बसकण मारली आणि हात जोडले.

"बाबा," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "बाबा, मी. तुमचा जावई. तुमच्या पुतळ्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. एकदा ठेवली होती, पण ती आपली गमतीत. मला चोरी करायची नाही. आईंनीच सांगितलं म्हणून आलो."

कोणी काही बोललं नाही. त्यामुळे त्यांना अजून बोलावं लागलं.

"आईंचं म्हणाल, तर मी नाही म्हटलेलं नाही. मी बघू म्हटलं. आता तुमच्यापासून काय लपवायचं. मला भीती वाटते त्यांची. त्या बघतात ना, पापणी न हलवता, तेव्हा वाटतं आपलं आतलं सगळं दिसतंय यांना. बाई वाईट नाहीत. मला ताप आला होता तेव्हा उशाशी बसून होत्या. बसल्या आणि बघत राहिल्या. मी लवकर बरा झालो तो त्याच धास्तीने." त्यांनी हात आणखी घट्ट जोडले. "आणि जागेचं मी खोटं बोललो. जागा आहे. टॉर्चचं कपाट हलवलं की तिथे पलंग बसतो. कपाट हलवायचं माझ्या जिवावर आलं, एवढंच खरं कारण आहे. लाज वाटते सांगताना. मला इथून बाहेर जाऊ द्या, बाबा. मी कपाट हलवतो."

"कधी हलवताय?" काळोख म्हणाला.

जावईबापूंची बोबडी वळली. "उ... उद्या."

"आज काय झालं?"

"आज. आजच हलवतो."

"मग उठा आता. फरशी गार आहे, सर्दी होईल." एक हात त्यांच्या खांद्यावरून चाचपत खाली आला आणि त्यांच्या मुठीत सेल ठेवून गेला. "हे तुमचं पायाशी आलं होतं."

सर्दीची काळजी करणारं भूत जावईबापूंच्या माहितीत नव्हतं. त्यांनी कसाबसा सेल आत घातला, झाकण फिरवलं, आणि मंद पायरीवर टॉर्च लावला. समोर सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे, कापड बाजूला सारलेली, भिंतीला टेकलेली एक तरुण मुलगी होती. तेच नाक, तीच हनुवटी, तीच नजर.

"आई, तुम्ही? तुम्ही इथे कशा?"

"तुम्ही बूट घालत होतात तेव्हा आले. रोजच येते. हे गेल्यापासून दुपारी थोडा वेळ ह्यांच्या खुर्चीपाशी उभी राहते. भिंतीला हात लावत आलं की दिवा लागत नाही." त्यांनी पदराने गाल पुसला. "उद्यापासून कुठे येणार, म्हणून आज जरा जास्त वेळ थांबले."

"पण मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही डोळ्यांत उजेड मारलात. रडतेय हे जावयाला कशाला दाखवायचं, म्हणून हलले नाही. न हलता उभं राहणं मला चांगलं जमतं." त्या पुतळ्याकडे वळल्या. "ही करताना ह्यांनी मला दिवसच्या दिवस समोर बसवलं. पापणी लवली की म्हणायचे, गेलं, आता परत पहिल्यापासून. मग पापणी न लववायची सवयच लागली. पुढे ती गेलीच नाही. लोकांना वाटतं, बाई रागावून बघते."

जावईबापूंनी टॉर्च खाली केला. इतकी वर्षं ज्या नजरेला ते टरकत होते, ती नवऱ्यापुढे बसून बसून जडलेली होती, आणि ते आपले स्वतःच्या घरात चोरासारखे वावरत होते. त्यांना मनापासून वाईट वाटलं. "चला, आई," ते म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा, मी यांना घेऊन येतो."

"तो दिवा विझवा आधी. त्याच्या नादाने धडपडाल. माझा पदर धरा."

अशी ती वरात निघाली. पुढे सासूबाई, त्यांचा पदर धरून जावई, आणि जावयाच्या काखेत त्यांची विशीतली सासू. टांगलेल्या हातांखालून जाताना सासूबाई म्हणाल्या, "खाली वाका," आणि जावईबापू वाकले. त्यांना अजिबात भीती वाटली नाही, असं नाही. पण पदर घट्ट धरला की ती कमी होते, हे त्यांना समजलं.

वर बायको दारातच उभी होती. आतल्या खोलीत आई नाही, आणि नवराही अजून वर आला नाही, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. प्लास्टरने माखलेल्या नवऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "काय उजेड पाडलात खाली?"

"ट्रकवाल्याला थांबवून ठेव," जावईबापू म्हणाले. "आईंचं सामान त्या मैत्रिणीकडे जाणार नाही, आपल्याकडे जाणार आहे. आणि मला आधी पुढे जाऊन कपाट हलवायचंय."

बायकोने नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. पापणी न लववता. हा गुण आईचा आहे, हे त्यांच्या प्रथमच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी जावईबापू सोनेरी सेल घेऊन बोळाच्या टोकाला गेले. सेलवाल्याने तो हातात घेऊन बाजूला ठेवला. तो करडा सेल अजून काउंटरवरच होता.

"दरवेळी नेमका नको त्या जागी विझत होता," जावईबापू न राहवून म्हणाले. "एकदा टांगलेल्या हातांखाली, एकदा पुतळ्यापाशी."

"त्या जागी तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? भीती वाटली, म्हणून पूर्ण उजेड लावला."

"मग सेलचं काय चुकलं? तुम्ही घाबरलात म्हणून तो घाबरला." सेलवाल्याने करडा सेल कागदात गुंडाळून दिला.

सासूबाई आल्या, रुळल्या. कपाटाच्या जागी पलंग लागला आणि टॉर्च पलंगाखालच्या खोक्यात गेले. पुतळा दिवाणखान्यात खिडकीजवळ उभा राहिला. सासूबाईंनी त्याला आपलीच एक साडी नेसवली. घरी येणारे पाहुणे आधी त्यालाच नमस्कार करू लागले, आणि सासूबाई ते कोपऱ्यातून बघत बसायच्या. त्यांना त्यात फार मजा वाटते, असं बायकोचं म्हणणं होतं.

एका संध्याकाळी दिवे गेले. जावईबापूंना आनंदच झाला. करडा सेल घातलेला टॉर्च घेऊन ते दिवाणखान्यात आले आणि बंदीबिंदी विसरून त्यांनी पूर्ण उजेड लावला. टॉर्च विझला नाही. सगळी खोली दुपारसारखी उजळली, आणि खिडकीजवळ शेजारी शेजारी, सारख्या साडीत, न हलता, दोघी त्यांच्याकडे बघत होत्या.

"माफ करा, आई," जावईबापू म्हणाले आणि टॉर्च खाली केला.

"मी इकडे आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही तिची माफी मागताय."

"माझेच डोळे दिपले, आई."

"असू दे. ती काही मनावर घेत नाही."

जावईबापू हसले. घर लखलखत होतं, बायको आतून मेणबत्ती शोधून मिळत नाही म्हणून ओरडत होती, आणि त्यांना कसलीही भीती वाटत नव्हती. गंमत म्हणून त्यांनी टॉर्च पुन्हा एकदा दोघींच्या चेहऱ्यावरून फिरवला. तेव्हा एकीची पापणी लवली.

कुणाची, ते त्यांनी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. टॉर्च मात्र तेव्हापासून ते मंद पायरीवरच लावतात.